दुर्बिणीला दिसलं नाही, म्हणजे नाहीच का?

गेल्या वर्षीच्या गणपतीत निपाणीचे मामा नेहमीप्रमाणे आमच्याकडे बेळगावला आले होते. पहिल्या दिवशी पानावर उकडीचे मोदक. एरवी सहा-सात मोदक सहज संपवणारे मामा दुसऱ्याच मोदकाला थांबले, घोटभर पाणी प्यायले आणि मग पुढचा घास घेतला. आईच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"काय रे, घास अडकतोय?"

"काही नाही गं अक्का. फेब्रुवारीत दुर्बीण घातली की! सगळं नॉर्मल आहे म्हणून लिहून दिलंय."

त्या एका वाक्यावर विषय संपला. रिपोर्टवर 'नॉर्मल' लिहिलेलं असलं की आपण फाईल कपाटात ठेवतो आणि मोकळे होतो. नेमकं काय तपासलं, कशाने तपासलं, किती वेळ तपासलं, हे आम्ही कुणीही विचारलं नव्हतं.

मी उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत क्वालिटी विभागात काम करते. दिवसभर माझं काम एकच, कास्टिंगमध्ये दोष आहे का ते बघणं. एखादा नग 'ओके' म्हणून पाठवायचा तर कुठल्या गेजने मोजला, कुणी मोजला, ते गेज कधी तपासलं होतं, असे शंभर प्रश्न आम्ही विचारतो. घरच्या माणसाच्या बाबतीत मात्र मी एकही प्रश्न विचारला नव्हता. म्हणून हा लेख. मी डॉक्टर नाही, पण गेल्या वर्षभरात डॉक्टरांशी बोलून आणि वाचून जे कळलं ते तुमच्यापर्यंत पोहोचावं असं वाटतं. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आई-वडील आता साठीच्या पुढे आहेत आणि त्यांचे रिपोर्ट वाचायचं काम आपल्याकडे आलं आहे.

चार आण्याएवढा चट्टा

मामांनी तीसेक वर्षं निपाणीत तंबाखूच्या वखारीत दिवाणजी म्हणून काढली. खिशात चंची आणि चुन्याची डबी कायमची. गणपतीनंतरही घास अडकणं थांबेना, तेव्हा आईने हट्टाने त्यांना दुसऱ्या, मोठ्या रुग्णालयात न्यायला लावलं. मीही सोबत गेले.

तिथल्या डॉक्टरबाईंनी तपासणी झाल्यावर आम्हाला फोटो दाखवले. पहिल्या फोटोत अन्ननलिकेचं आतलं अस्तर फिकट गुलाबी दिसत होतं. एका जागी किंचित लालसर झाक होती, ती त्यांनी बोट ठेवून दाखवली म्हणून कळली. दुसऱ्या फोटोत प्रकाशाचा रंग बदललेला होता आणि तीच जागा तपकिरी दिसत होती. तिसरा फोटो आयोडीनचा फवारा मारल्यानंतरचा. सगळी अन्ननलिका गडद तपकिरी झालेली आणि मध्येच जुन्या चार आण्याच्या नाण्याएवढा एक फिकट चट्टा. त्याच्या कडा आखल्यासारख्या स्पष्ट होत्या.

बायोप्सीचा निकाल आला, 'हाय ग्रेड डिस्प्लेशिया'. म्हणजे पेशींमध्ये कर्करोगापूर्वीचे तीव्र बदल झाले होते, पण त्या अजून खोल शिरलेल्या नव्हत्या.

डॉक्टरबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती ऐकून मी चक्रावले. घास अडकत होता तो या चट्ट्यामुळे नव्हताच! इतका उथळ चट्टा घास अडवत नाही, दुखत नाही, काहीच जाणवू देत नाही. घास अडकण्याचं कारण होतं अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला आम्लामुळे आलेली सूज. त्या सुजेच्या निमित्ताने दुर्बीण आत गेली आणि वरचा चट्टा सापडला.

माझा मामेभाऊ भडकला. "फेब्रुवारीत त्यांना हे दिसलं कसं नाही? तक्रारच करतो." मलाही तसंच वाटत होतं. पण फेब्रुवारीचा रिपोर्ट पुढे ठेवल्यावर डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, "तेव्हा हा चट्टा होता की नव्हता, हे मी सांगू शकत नाही. यात दोनच फोटो आहेत आणि दोन्ही जठराचे आहेत. अन्ननलिकेचा एकही नाही."

आमच्या कारखान्यात याला 'रेकॉर्ड नाही' म्हणतात. आणि रेकॉर्ड नसेल तर तपासणी झाली असं आम्ही धरत नाही.

साध्या प्रकाशात किती निसटतं?

अन्ननलिका साधारण २५ सेंटिमीटर लांब असते. कॅमेऱ्याला त्यातून जठरात उतरायला काही सेकंद पुरतात. पुष्कळदा डॉक्टरांचं लक्ष अल्सर, गाठ, रक्तस्राव अशा ठळक गोष्टींकडे असतं. कर्करोगपूर्व बदल मात्र सपाट असतात आणि आजूबाजूच्या अस्तराच्या रंगात मिसळून गेलेले असतात.

चीनच्या हेनान प्रांतातला लिनशियान हा डोंगराळ भाग अन्ननलिकेच्या कर्करोगासाठी जगभर ओळखला जातो. तिथे २२५ जणांची दोन प्रकारे तपासणी केलेला एक अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. आधी साध्या प्रकाशात बघितलं, मग आयोडीन फवारून पुन्हा बघितलं. तीव्र डिस्प्लेशिया किंवा कर्करोग ओळखण्याचं प्रमाण साध्या प्रकाशात ६२ टक्के होतं, आयोडीननंतर ते ९६ टक्क्यांवर गेलं. म्हणजे साध्या नजरेला शंभरातले अडतीस निसटत होते, तेही मुद्दाम शोधायला बसलेल्या तज्ज्ञांच्या. ही बाजू वाचून माझा राग बराच निवळला.

पण त्याच अभ्यासाची दुसरी बाजूही आहे. ज्यांना रोग नाही त्यांना 'नाही' म्हणण्याची अचूकता ७९ टक्क्यांवरून ६३ वर घसरली. कारण साधी सूज असली तरी आयोडीनचा रंग नीट चढत नाही. जास्त पकडायला गेलं की जास्त खोटे इशारेही मिळतात. म्हणून चट्टा दिसला म्हणजे रोग असं नाही, बायोप्सी हवीच.

यामागचं तत्त्व मला लगेच कळलं, कारण आम्ही कारखान्यात हेच करतो. कास्टिंगवरची केसाएवढी भेग डोळ्यांना दिसत नाही. आधी पृष्ठभाग स्वच्छ करायचा, लाल डाय लावायचा, थांबायचं, पुसायचं आणि पांढरा डेव्हलपर फवारायचा. भेगेत शिरलेला लाल रंग वर येतो. अन्ननलिकेत मात्र हे उलट होतं. निरोगी पेशींमध्ये ग्लायकोजेन नावाची साखर साठवलेली असते आणि आयोडीनमुळे ती तपकिरी होते. बिघडलेल्या पेशींकडे तो साठा नसतो, म्हणून त्या रंग घेत नाहीत. या द्रावणाला 'ल्युगोल्स आयोडीन' म्हणतात. आयोडीनची ॲलर्जी किंवा थायरॉईडचा त्रास असेल तर आधी सांगावं लागतं आणि फवाऱ्यानंतर काही वेळ छातीत जळजळ होऊ शकते.

प्रकाश बदलण्याच्या तंत्राला 'नॅरो बँड इमेजिंग' म्हणतात. नेहमीच्या पांढऱ्या प्रकाशाऐवजी ४१५ आणि ५४० नॅनोमीटरच्या आसपासच्या दोनच अरुंद पट्ट्या वापरतात. रक्तातलं हिमोग्लोबिन नेमक्या याच लहरी शोषतं, त्यामुळे अस्तरातल्या बारीक रक्तवाहिन्या ठळक दिसतात. बिघाड झालेल्या जागी त्यांची वळणं बदललेली असतात. जपानमध्ये ३२० रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात अन्ननलिकेतले उथळ कर्करोग ओळखण्याचं प्रमाण साध्या प्रकाशात ५५ टक्के, तर या प्रकाशात ९७ टक्के आलं. यासाठी कुठलं औषध फवारावं लागत नाही, दुर्बिणीवरचं एक बटण दाबावं लागतं. अर्थात दुर्बिणीत ती सोय असायला हवी, दाबणाऱ्याला ते सुचायला हवं आणि दिसलेलं ओळखता यायला हवं.

मग बाबांचा रिपोर्ट आला

मामांचं कळल्यावर बाबा घाबरले. त्यांना छातीत जळजळीचा जुना त्रास. रात्री उशिरा जेवण आणि वर चहा, हे वर्षानुवर्षं चाललेलं. त्यांनी तिसऱ्याच एका ठिकाणी एंडोस्कोपी करून घेतली. रिपोर्टवर शब्द होता, 'बॅरेट्स इसोफेगस'.

बाबांनी नेटवर शोधलं. 'कर्करोगाची पूर्वावस्था' एवढंच वाचलं आणि बंद केलं. त्यांचं जेवण कमी झालं. एका संध्याकाळी त्यांनी मला बोलावून एफडीच्या पावत्या आणि घराची कागदपत्रं कुठे आहेत ते दाखवलं. आई स्वयंपाकघरात डोळे पुसत होती.

आमची गंमत बघा. मामांचा 'नॉर्मल' रिपोर्ट आम्ही प्रश्न न विचारता खरा मानला होता. त्यातून पोळलो, आणि तरी बाबांचा 'ॲबनॉर्मल' रिपोर्टही तसाच, प्रश्न न विचारता खरा मानला.

बॅरेट हे एका ब्रिटिश शल्यविशारदाचं नाव. नॉर्मन बॅरेट यांनी १९५० साली या अवस्थेवर लिहिलं. अन्ननलिकेत वर चढणाऱ्या आम्लामुळे तिच्या खालच्या भागातलं मूळचं अस्तर जातं आणि त्याजागी आतड्यासारखं अस्तर तयार होतं. दुर्बिणीत ते फिकट गुलाबी अस्तरावर चढलेल्या लालसर जिभेसारखं दिसतं. त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो, हे खरं. पण पेशींत डिस्प्लेशिया नसेल तर हे प्रमाण फार कमी आहे. डेन्मार्कमध्ये ११ हजारांवर रुग्णांच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा ते वर्षाला ०.१२ टक्के आलं. इतर अभ्यासांत ०.३३ टक्क्यांपर्यंत. म्हणजे हजार रुग्णांमागे वर्षाला एक ते तीन.

आता प्रश्न असा की 'बॅरेट' आहे हे तरी डॉक्टर किती खात्रीने ओळखतात? आमच्याकडे 'गेज आर अँड आर' नावाची चाचणी असते. एकच नग तीन जणांना मोजायला द्यायचा आणि आकडे जुळतात का बघायचं. डॉक्टरांनीही स्वतःची अशी चाचणी घेतली आहे. त्यासाठी त्यांनी 'प्राग निकष' ठरवले. लालसर अस्तराचं पूर्ण वेटोळं किती उंच, तो 'सी'. सर्वांत लांब जीभ किती उंच, तो 'एम'. मग एंडोस्कोपीचे व्हिडिओ वेगवेगळ्या देशांतल्या तज्ज्ञांना दाखवले. २००६ साली आलेल्या या अभ्यासात लांबी मोजण्याबाबत तज्ज्ञांचं उत्तम जुळलं. एक म्हणजे पूर्ण एकमत धरलं, तर आकडा ०.९४ च्या आसपास. एक सेंटिमीटर किंवा जास्त लांबीचं बॅरेट ओळखण्यात तो ०.७२, तोही चांगला. पण लांबी एक सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर जेमतेम ०.२. याचा अर्थ तिथे एक डॉक्टर 'आहे' म्हणेल आणि दुसरा 'नाही' म्हणेल.

बाबांचा रिपोर्ट पुन्हा काढून बघितला. लांबीचा आकडाच नव्हता, बायोप्सीही नव्हती. मामांच्या डॉक्टरबाईंकडे दुसरं मत घेतलं. आधी काही आठवडे आम्लाची गोळी देऊन सूज उतरू दिली, कारण सूज असताना पेशी बघणाऱ्यालाही गोंधळायला होतं. मग पुन्हा तपासणी केली. निष्कर्ष निघाला, दोन अस्तरांच्या सीमेवरची रेषा थोडी वरखाली आहे, उंची अर्धा सेंटिमीटर. याला बॅरेट म्हणत नाहीत. बाबांना वजन, रात्रीचं जेवण आणि झोपायच्या वेळेबद्दल सांगून घरी पाठवलं. त्या रात्री ते पोटभर जेवले. मीच म्हटलं, "बाबा, हळू. जळजळ खरी आहे!"

डोळा, चिमटा आणि सूक्ष्मदर्शक

खरंच बॅरेट असेल तर केवळ नजरेवर भिस्त ठेवत नाहीत. 'सिएटल पद्धती'प्रमाणे दर दोन सेंटिमीटरला चारही बाजूंनी तुकडे घेतात. तरीही अस्तराचा फार थोडा भाग तपासला जातो, उरलेला डोळ्यांच्या भरवशावर. बॅरेटच्या रुग्णांना पुढे झालेल्या कर्करोगांचा एकत्रित आढावा २०१६ साली आला. त्यांतले जवळपास एक चतुर्थांश कर्करोग पहिल्या तपासणीनंतर वर्षाच्या आत सापडले होते. इतक्या लवकर सापडले म्हणजे बहुधा ते आधीही होते, दिसले नव्हते.

मला सर्वांत पटलेली गोष्ट मात्र साधी आहे, ती म्हणजे वेळ. बॅरेटच्या दर सेंटिमीटरला एक मिनिटापेक्षा जास्त वेळ देणाऱ्या डॉक्टरांना संशयास्पद जागा जास्त सापडतात, असं दिसून आलं आहे. युरोपातल्या एंडोस्कोपी तज्ज्ञांच्या संस्थेने पहिल्या तपासणीसाठी दुर्बीण आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत किमान सात मिनिटं हा मापदंड ठेवला आहे. त्याआधी फेस आणि चिकट लाळ धुऊन काढायची. घाणेरड्या पृष्ठभागावर डाय लावून उपयोग नसतो, हे आमच्याकडच्या नव्या पोरालाही माहीत असतं.

शेवटची कडी पॅथॉलॉजीची. नेदरलँड्समध्ये 'लो ग्रेड डिस्प्लेशिया' असं निदान झालेल्या १४७ जणांच्या स्लाईड तज्ज्ञांनी पुन्हा बघितल्या, तेव्हा ८५ टक्के निदानं खाली आली. ज्यांचं निदान कायम राहिलं, त्यांचा धोका मात्र खरोखरच मोठा निघाला. म्हणून डिस्प्लेशिया म्हटलं की दुसऱ्या अनुभवी पॅथॉलॉजिस्टचं मत घ्यायलाच हवं. हा अविश्वास नव्हे, ही पद्धतच आहे.

आपण काय करायचं?

आधी एक स्पष्ट करते. हे वाचून घरातल्या सगळ्यांची एंडोस्कोपी करायला धावू नका. कधीमधी जळजळ होणाऱ्या तरुण माणसाला तिची गरज नसते. पण घास अडकणं, विनाकारण वजन उतरणं, रक्ताची उलटी किंवा काळी शौच ही लक्षणं असतील तर थांबू नका. आपल्या देशात अन्ननलिकेच्या कर्करोगाचा मामांच्या चट्ट्यासारखा, मूळच्या अस्तरातून होणारा प्रकार जास्त आहे. तंबाखू, मग ती ओढलेली असो वा चघळलेली, आणि दारू ही त्याची मोठी कारणं आहेत. ६५ अंशांहून गरम पेयं 'संभाव्य कारण' म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१६ साली नोंदवली आहेत. तेव्हा चहा थोडा निवू द्या.

एंडोस्कोपी ठरलीच, तर हे विचारा. विचारण्यात उद्धटपणा नाही.

तपासणीआधी डॉक्टरांना स्वतःहून सांगा: तंबाखू, गुटखा, सुपारी, दारू किती वर्षं, तोंडाचा किंवा घशाचा कर्करोग पूर्वी झाला होता का, घरात कुणाला होता का. मामांनी फेब्रुवारीत तंबाखूबद्दल सांगितलंच नव्हतं. "विचारलं नाही, सांगितलं नाही," एवढंच त्यांचं उत्तर.

धोका जास्त असेल तर विचारा: नॅरो बँड किंवा तत्सम प्रकाशात बघणार का? गरज पडली तर आयोडीन वापराल का?

रिपोर्ट हातात आल्यावर बघा: अन्ननलिकेचे फोटो आहेत का? बॅरेट लिहिलं असेल तर 'सी' आणि 'एम'चे आकडे आहेत का? बायोप्सी कुठून, किती सेंटिमीटरवरून घेतली?

आणि सर्वांत महत्त्वाचं: रिपोर्ट नॉर्मल आला, पण त्रास चालूच राहिला, तर पुन्हा जा. 'नॉर्मल'चा अर्थ 'त्या दिवशी, त्या दुर्बिणीने, त्या वेळात काही दिसलं नाही' एवढाच असतो.

मामा आता

मामांचा चट्टा नोव्हेंबरमध्ये दुर्बिणीतूनच सोलून काढला. छाती उघडावी लागली नाही. कडा स्वच्छ आल्या. हेबेई प्रांतात चाळिशीपुढच्या लोकांची एकदाच आयोडीन लावून तपासणी केली आणि सापडलेल्यांवर उपचार केले, तेव्हा दहा वर्षांत या कर्करोगाने होणारे मृत्यू ५.०५ टक्क्यांवरून ३.३५ टक्क्यांवर आले होते. लवकर सापडण्याचा एवढा फरक पडतो.

पण गोष्ट संपलेली नाही. तंबाखूने सगळ्या अन्ननलिकेवरच परिणाम केलेला असतो. मे महिन्याच्या तपासणीत आणखी एक बारीक फिकट ठिपका दिसला. बायोप्सीत सौम्य बदल. सध्या नुसतं लक्ष ठेवायचं ठरलं आहे. तंबाखू त्यांनी सोडली, संक्रांतीला एकदा हात गेला, पुन्हा सोडली. मामेभावाने तक्रार केली नाही. त्याऐवजी तो फेब्रुवारीच्या डॉक्टरांना भेटला आणि नवे फोटो दाखवून आला. त्यांनी ते बराच वेळ बघितले आणि एक प्रत ठेवून घेतली, असं तो सांगत होता.

पुढच्या महिन्यात मामांची तपासणी आहे. परवा त्यांचाच फोन आला. उपाशी कधीपासून राहायचं ते विचारून झाल्यावर म्हणाले, "आणि हे बघ, मागच्या दोन्ही वेळचे फोटो घेऊन ये. जुळवून बघितल्याशिवाय नुसतं नॉर्मल म्हटलं तर मी उठणार नाही तिथून."